तीन स्टारच्या मावशी

नांगरगावच्या मावशींच्या मते लोणावळ्याची लेव्हल ज्याने बनवली त्याला धंदा कळत नव्हता. एक बाजारपेठ, एक जुना हायवे, पावसाळ्यातले शनिवार-रविवार, आणि गिऱ्हाईक सोडलंय किती, तर मोजदाद नाही. ‘‘पहिल्याच लेव्हलला एवढी माणसं कोणी सोडतं का? आधी रस्ता वाढवायला सवड द्यायची, मग माणसं सोडायची,’’ असं त्या कुमार चौकातल्या गर्दीत रिक्षात बसून म्हणतात. रिक्षावाल्याला वाटतं, बाई नगरपरिषदेबद्दल बोलतायत. तोही जोरजोरात मान डोलावतो.

मावशींची ही भाषा टाइम मॅनेजमेंटच्या खेळांतली. त्यात गोळीबार नाही, रक्तपात नाही; राक्षस असलाच तर रस्त्यात आडवा बसून खायला मागणारा. पडद्यावर एखादी खानावळ असते, शेत असतं, नाहीतर वादळात उखडलेला रस्ता. खाली घड्याळाची पट्टी सरकत असते आणि हाताशी दोन-तीन माणसं. त्यांच्याकडून लाकडं तोडून घ्यायची, पूल बांधायचा, भुकेल्यांना वाढायचं, आणि पट्टी संपायच्या आत सगळं उरकलं की तीन स्टार. २००४ च्या सुमाराला ‘डायनर डॅश’ आला आणि या खेळांची साथच पसरली. त्यातली फ्लो नावाची मुलगी ऑफिसातल्या कागदांच्या ढिगाऱ्याला वैतागून नोकरी सोडते आणि खानावळ काढते. मावशींनी उमेदीच्या काळात नांगरगावातल्या कारखान्यांच्या कामगारांचे डबे केलेत. त्यांना फ्लोची कीव येते. ‘‘ताण नको म्हणून खानावळ काढली! आम्हाला विचारायचं तरी एकदा.’’

असे खेळ खेळणाऱ्यांत चाळिशीच्या पुढच्या बायका खूप, हे त्या धंद्यातली मंडळीच सांगत आली आहेत. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मग काय बाप्यांना जमणार आहे?’’

मुलगा हिंजवडीला नोकरीला लागल्यावर त्याचा जुना कॉम्प्युटर मावशींकडे आला. तो ठेवलाय स्वयंपाकघराच्या दाराशी, बसल्या जागेवरून गॅसवरचं दूध दिसेल असा. लोणावळ्याच्या पावसात चपलांनाही बुरशी येते, तेव्हा जून ते सप्टेंबर रात्री त्याच्यावर काकांची शाल असते. काका बिनशालीचे. घरात इन्व्हर्टर नाही, पण कॉम्प्युटरला यूपीएस आहे. वीज गेली की काका अंधारात मेणबत्ती चाचपडत असतात आणि दाराशी मावशींचा चेहरा तेवढा ‘रोड्स ऑफ रोम’च्या उजेडात निळसर दिसत असतो.

शेजारी वही. ही वही मी पाहिली आहे. मूळची ती दुधाच्या हिशेबाची, आणि अजूनही आहेच. एका पानावर असं:

‘सोमवारी दूध नाही. लेव्हल २३ – आधी शेत, लाकडाच्या मागे लागू नये. पूल सर्वांत शेवटी. गॅस लावला. लेव्हल २४ – दुसरा माणूस इतक्यात घेऊ नये, खायला कोण घालणार? मंगळवारी अर्धा लिटर जास्त. दगडाची खाण घेण्यात अर्थ नाही.’

भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी एकदा हे वाचलं आणि चार घरांत बातमी पोचवली, की मावशी पवन मावळात जमीन बघतायत, पण खाणीचा सौदा फिसकटला.

मी मावशींना खेळ उतरवून देतो, त्यामुळे मला त्यांच्या मागे उभं राहून बघायची परवानगी आहे. मला वाटायचं, हे खेळ म्हणजे भराभर क्लिक करण्याची शर्यत. मावशी भराभर काहीच करत नाहीत. लेव्हल उघडली की त्या सगळा नकाशा नजरेखालून घालतात, हनुवटीवर हात ठेवून. माउसला हात नाही. नातवाला हे सहन होत नाही. ‘‘आजी, घड्याळ चाललंय!’’ तो ओरडतो. ‘‘चालू दे. त्याला काय काम आहे दुसरं?’’ नातू स्वतः खेळायला बसतो तेव्हा दिसेल त्या झाडावर माणूस सोडतो, सगळं लाकूड आणि सगळे पाव मिनिटाभरात उडवतो आणि मग पुलापाशी हात चोळत बसतो. मावशींच्या हिशेबी ही घाई म्हणजे आळसच. काय आधी आणि काय नंतर हे ठरवायचा कंटाळा आला की माणूस धावत सुटतो. मला हे म्हणणं पटतं. ऑफिसात असे धावणारे मी बरेच पाहिलेत, त्यांना बढतीही मिळते.

बाकी मतं ठाम आणि थोडक्यात. घड्याळ बंद करून निवांत खेळायची सोय बऱ्याच खेळांत असते. मावशी म्हणतात, ‘‘म्हणजे माहेरपणच की.’’ महागड्या ‘कलेक्टर्स एडिशन’बरोबर प्रत्येक लेव्हल कशी सोडवावी याचं गाइड येतं. ‘२१ अपेक्षित’ वाचून पास होणाऱ्यांबद्दल मावशींना शाळेपासूनच आदर नाही. दोन स्टार म्हणजे नापास. ‘हर्क्युलिस’च्या खेळात हेरा देवी त्याच्या बायकोला पळवून नेते आणि हा गडी तिच्यासाठी देशभरचे रस्ते साफ करत निघतो. तो खेळ चालू असला की मावशी मधूनमधून काकांकडे बघतात, काही बोलत नाहीत.

त्यांचा खरा राग नशिबावर. ‘फार्म फ्रेन्झी’ त्यांना आवडतो, कारण त्यात हिशेब चोख आहे: गवताला पाणी, गवतावर कोंबडी, कोंबडीचं अंडं, अंड्याची पावडर, पावडरीचा केक, केक ट्रकमध्ये, ट्रक शहरात. पण मधेच आभाळातून अस्वल पडतं. त्याला क्लिक करकरून पिंजऱ्यात कोंडायचं आणि मग तेही ट्रकमध्ये घालून विकायचं. ‘‘वनखात्याची परवानगी?’’ मावशी दर वेळी विचारतात. बिबट्याच्या नुसत्या बातमीने मावळातली गावं रात्री दारं लावून बसतात, आणि इथे अस्वलाचे रोख पैसे येतात, हे त्यांना पटत नाही. विकतात मात्र.

मोबाइलवरचे खेळ त्यांनी एका दुपारीत निकालात काढले. पाच जीव संपले की अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे भरा. ‘‘वेळ विकत घ्यायचा असेल तर व्यवस्थापन कसलं? हा टोल झाला. टोल भरूनही माणसं घाटात अडकतातच.’’

खेळाचे पैसे मात्र त्या देतात, पण आधी फुकटचा तास पुरता पिळून. बऱ्याच कंपन्या एक तास चकटफू खेळू देतात. हा तास खेळ उघडा असतानाच मोजला जातो, हे मावशींच्या लवकर ध्यानात आलं. मग विचार करायचा तो खेळ बंद करून. नकाशा डोक्यात आणि मावशी लोकलमध्ये, तळेगावच्या बहिणीकडे जाताना. मळवली ते कामशेत पुलाचा प्रश्न, कान्हे ते वडगाव शेताचा. परत आल्यावर हातही न धुता तीन मिनिटं खेळ उघडायचा, काम उरकायचं, बंद. त्या एका तासात मावशींनी जेवढं रोम बांधलं तेवढं लोक विकत घेऊन बांधत नाहीत.

प्रत्यक्षात मावशींकडे कामगार एकच: काका. काका रेल्वेत गार्ड होते, निम्मी नोकरी बोरघाटात. मावशी त्यांना एका दमात तीन कामं लावून देतात, पडद्यावरच्या माणसांना देतात तशीच: ‘‘बाजारातून दूध, मग दळण, येताना पाव.’’ काका निघतात बरोबर, पण भांगरवाडीत कोणी जुना फायरमन भेटला की थांबतात. मावशींच्या भाषेत काका ‘अडकतात’. शिवाय त्यांना अपग्रेड करता येत नाही.

काकांचं म्हणणं वेगळं. घाटातला चढ ३७ फुटांना १ फूट. वर येताना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात तेव्हा गाडी लोणावळ्याला पोचते. उतरताना तर गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवावं लागतं, नाहीतर सुटलेली गाडी अडवायला कॅच सायडिंग आहेच. ‘‘आमच्याकडे थांबणाऱ्यालाच रस्ता मिळतो,’’ काका म्हणतात. ‘‘म्हणून तर गाड्या लेट,’’ मावशी.

एका पावसाळी संध्याकाळी काकांनी बायकोला जिंकायचं म्हणून घाटाची गोष्ट काढली. बोरघाटाच्या रेल्वेचं काम १८५६ ला सुरू झालं. पुढे ते सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराकडे आलं, आणि हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ मध्ये, तो वारला. कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, हातात घेतलं. दोन अनुभवी इंजिनिअर नेमले आणि १८६३ ला घाट पुरा करून दाखवला. १८६१ च्या सुमाराला कामावर ४२ हजारांवर माणसं होती.

मावशींनी खेळ थांबवला. हे सहसा होत नाही. ‘‘बेचाळीस हजार?’’ त्यांनी काकांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘‘मला एक आहे.’’

मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, एवढ्या लोकांच्या जेवणाचं कसं केलं असेल? काकांना ते ठाऊक नव्हतं. पटकीने आणि अपघातांनी हजारो माणसं मेली, एवढं ठाऊक होतं. मावशी बराच वेळ वहीत काही लिहीत नव्हत्या. ‘‘मग स्टार नाही देता येणार,’’ म्हणाल्या आणि कुकर लावायला उठल्या.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या मिसिंग लिंकचं काम चालू असतानाही त्यांचं त्यावर लक्ष असायचं. १३.३ किलोमीटरची वाट, एक बोगदा तर लोणावळा तलावाच्या तळाखालून. पुरं व्हायची तारीख पुढे गेली की मावशी पेपर बाजूला ठेवायच्या. ‘‘पट्टी संपल्यावर पट्टीच लांब करतात. आम्हाला ही सोय असती तर!’’

उभ्या मावळात मावशींनी पूर्ण तीन स्टार दिले ते पवनानगरकडच्या एका पॉलिहाऊसला. काकांच्या पुतण्याचं गुलाबाचं. नाताळच्या सुमारास आम्ही सगळे गेलो होतो, आणि तिथे फुलंच नव्हती. मावशी चिडल्या. पुतण्या म्हणाला, ‘‘काकू, फुलं आत्ता असती तर बुडालो असतो.’’ व्हॅलेंटाइनचा माल परदेशी जातो तो जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या दहा तारखेपर्यंत. छाटल्यापासून फूल यायला साधारण दीड महिना. म्हणून डिसेंबरच्या मध्याला छाटणी. चौदा तारखेपासून उलटं मोजत यायचं. मावशी त्या बिनफुलाच्या वाफ्यांतून एखाद्या देवळात फिरावं तशा फिरल्या. शीतगृह पाहिलं, बॉक्स कुठे ठेवता, गाडी किती वाजता येते, सगळं विचारलं. जाताना त्यांना एकच खटकलं. थंडी वाढली तर फूल उशिरा उमलतं, असं पुतण्या म्हणाला. ‘‘म्हणजे अस्वल,’’ मावशी म्हणाल्या. पुतण्या गोंधळून माझ्याकडे बघू लागला.

मावशी मागच्या तीन खोल्या पावसाळ्यात पर्यटकांना देतात. इथे त्यांची विद्या प्रत्यक्षात उतरते. तिन्ही खोल्यांचा चहा एका फेरीत, भज्यांच्या तिन्ही प्लेट एका घाण्यात, तिन्ही खोल्यांतले कप एकदम. ‘डायनर डॅश’मध्ये एकच काम सलग केलं की बोनस वाढत जातो. पाहुण्यांच्या डोक्यावर मावशींना खेळातले पाच बदाम दिसत असतात, आणि त्यातला एक विझायच्या आत त्या पाणी घेऊन हजर असतात. मागच्या जुलैत डोंबिवलीच्या एका कुटुंबाने इंटरनेटवर शेरा लिहिला: पाचपैकी चार स्टार. ‘जागा स्वच्छ, जेवण अप्रतिम. काकूंना मात्र फार घाई. चहा संपायच्या आत कप उचलतात.’

मावशी त्या रात्री झोपल्या नाहीत. खेळात असं झालं तर लेव्हल परत खेळता येते. सकाळी त्यांनी डोंबिवलीला फोन लावला. येत्या शनिवारी परत या, तीच खोली, तोच मेनू, पैसे नकोत. समोरच्या गृहस्थांना आधी हा फसवणुकीचा फोन वाटला. मग फुकट म्हटल्यावर ते आले.

त्या दिवशी मावशी अंगणात ट्रे पाठीमागे धरून उभ्या होत्या. गृहस्थ व्हरांड्यात पाऊस बघत घोट घोट चहा पीत होते. बाकीच्या दोन खोल्यांतले कप केव्हाच रिकामे झाले होते. मावशी हलल्या नाहीत. शेवटचा घोट झाला, गृहस्थांनी कप खाली ठेवला, मावशींनी एक पाऊल टाकलं, आणि ते म्हणाले, ‘‘काकू, अजून अर्धा कप मिळेल? फक्कड झालाय.’’

दूध संपलं होतं. ते आणायला गेलेले काका रेल्वे फाटकाच्या पलीकडे होते. फाटकावरच्या पुलाचं काम तेव्हा चालूच होतं. मावशींनी फोन लावला.

‘‘मालगाडी आहे,’’ काका म्हणाले. त्यांच्या आवाजात नोकरीतला उत्साह होता. ‘‘डबे मोजतोय. अठ्ठावन्न झाले, गार्डाचा अजून दिसत नाही.’’