नगरसेविकेच्या यजमानांसाठी पहिले पाठ

भाऊ, अभिनंदन. वहिनी निवडून आल्या. मिरवणूक झाली, गुलाल धुऊन झाला. फ्लेक्सवर वहिनींपेक्षा तुमचा फोटो मोठा होता, हेही सगळ्या खापा गावानं पाहिलं. आता शिकायला बसा. वहिनींना शिकवण्यासारखं यात फारसं नाही.

विषय आहे सेवक-नेतृत्व. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकन गृहस्थानं टेलिफोन कंपनीतून निवृत्त झाल्यावर 1970 साली यावर निबंध लिहिला. आधी सेवा करावीशी वाटते तोच खरा पुढारी, असं त्याचं म्हणणं. खाप्यातल्या बायकांनी असा निबंध लिहिला नाही, कारण त्यांना निवृत्तीच नव्हती. हे मागांचं गाव. कांड्या बाईनं भरायच्या आणि विणकर म्हणायचं बाप्याला. सेवेचा अर्धा अभ्यासक्रम त्यांचा केव्हाच पुरा झालाय. तुमचं उलटं आहे. नेतृत्व तुम्ही जन्मतःच शिकून आलात, सेवा तेवढी राहिली.

सुरुवात फोनपासून करा. वहिनींच्या नावापुढे तुमचा नंबर छापला असेल तर कार्डं आजच बदला. तोवर नाली तुंबल्याचा फोन आलाच, तर ‘सांगतो मी तिला’ म्हणायचं नाही. ‘देतो फोन’, एवढंच.

मग खुर्ची. आपली नगर परिषद 1867 सालची. घटनेनं बायकांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या त्या 1992 च्या 74व्या दुरुस्तीनं, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. महाराष्ट्रानं 2011 मध्ये हे प्रमाण 50 टक्के केलं. इतक्या उशिरा मिळालेल्या खुर्चीच्या हातावर टेकून उभं राहायचं नसतं. सभा चालू असताना तुमची जागा बाहेर चहाच्या टपरीवर. सही कुठं करायची ते दाखवायला तुमचं बोट आपोआप पुढं येईल. ते खिशात ठेवा.

सगळ्यात अवघड धडा चहाचा. सकाळी सातलाच लोक घरी यायला लागतात: कुणाला रहिवासी दाखला हवा, कुणाचं घरकुल अडलंय. तुम्ही थेट स्वयंपाकघरात जा. साखरेचा डबा कुठं आहे हे ओरडून विचारू नका; शोधा, सापडतो. ट्रे घेऊन बाहेर आलात की एखादा काका हमखास विचारेल, ‘काहून भाऊ, वहिनी नाहीत का घरी?’ शांतपणे सांगा, ‘आहेत ना. तुमच्यासमोरच बसल्यात.’ मग कप गोळा करा. विसळायचेही असतात. (नवशिके इथंच गळतात.)

आदर्श हवा असेल तर फार लांब जाऊ नका. दलित समाजातल्या जाईबाई चौधरींनी डोक्यावर ओझी वाहून पोट भरलं आणि नागपुरात मुलींसाठी शाळा काढली. 1937 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेत त्यांनाच जेवायला वेगळं बसवलं गेलं. म्हणजे सेवेला टाळ्या वाजवणारे हात ताटं वेगळी मांडू शकतात. पाचच वर्षांनी, जुलै 1942 मध्ये, नागपुरातच दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब आंबेडकर हजर होते, बोललेही; अध्यक्षपद मात्र डोंगरेबाईंकडेच राहिलं. भाऊ, बाबासाहेबांना जे जमलं ते तुम्हाला वॉर्डाच्या बैठकीत जमायला हरकत नाही.

वहिनी चुकल्या तर? चुकू द्या. याआधीचे नगरसेवक चुकले तेव्हा त्यांच्या बायकांना कुणी सभागृहात बोलावलं नव्हतं.

आता शेवटची तयारी. आरक्षण सोडतीनं फिरतं. पुढच्या वेळी वॉर्ड खुला झाला, की त्याच संध्याकाळी मंडळी येऊन म्हणतील, ‘भाऊ, आता तुमचा नंबर.’ खुल्या वॉर्डातही बाई उभी राहू शकते. नियम जुनाच आहे, यजमान मंडळी तेवढी तो वाचत नाहीत. तेव्हा उत्तर आत्ताच पाठ करून ठेवा: ‘ती उभी राहतेय का, ते तिला विचारा. मी चहा टाकतो.’