भागीदारांनी इथं सही करावी

कायद्यानं पाहिलं तर सोलापूर जिल्ह्यातली झेडपीची किंवा पालिकेची प्रत्येक शाळा पालकच चालवतात. हसू नका. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या २१व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात. शाळेच्या कारभारावर नजर ठेवणं, विकास आराखडा करणं, आलेलं अनुदान कुठं गेलं ते विचारणं, हे सगळं त्यांच्याकडे.

हे कारभारी दिवसा असतात कुठं? गावात ज्वारीच्या काढणीला, शहरात यंत्रमागावर नाहीतर विड्या वळत. बैठक सकाळी अकराला. ते बैठकीला येऊ शकत नाहीत म्हणून बैठकच त्यांच्याकडे जाते, चौथीतल्या पोराच्या काखेत.

“आई, सरांनी सही मागितलीय.”

“कशावर रे?”

“तू मीटिंगला आली होतीस त्यावर.”

ठराव सर्वानुमते मंजूर. चर्चेत कुणाचाही विरोध नव्हता, हे तर खरंच.

हा झाला पालकांचा लोकसहभाग. दुसऱ्या जातीचा लोकसहभाग मात्र स्वतःच्या पायांनी चालत येतो, सोबत फोटोग्राफर घेऊन. पाण्याचा फिल्टर भेट मिळतो. त्यावर दात्याचं नाव, ज्यांच्या स्मरणार्थ त्यांचं नाव, ज्यांच्या हस्ते त्यांचं नाव, ज्यांच्या प्रेरणेनं त्यांचंही नाव. तोटी कुठंय ते पोरं शोधून काढतात, तेवढाच कृतियुक्त अध्ययनाचा तास होतो. शाल, नारळ आणि चहा गुरुजींच्या खिशातून. वर्षभरानं फिल्टरची कँडल बदलायची वेळ येते तेव्हा दाते पुढच्या शाळेत फीत कापत असतात.

सरकारला ही हौस बरोबर कळली. सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना निघाली आणि तिनं नावाचा दरच ठरवून दिला. झेडपीची शाळा पाच वर्षांसाठी ५० लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी. मोठ्या महापालिकांत भाव जास्त, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत मोक्याच्या स्टॉलचा असतो तसा. देणगी रोख नको, वस्तू आणि सेवा चालतील. मोबदल्यात ठरलेल्या मुदतीपुरतं दात्याच्या पसंतीचं नाव शाळेला. मूल दत्तक घेणारा जन्मभराची जबाबदारी घेतो. इथं मुदत संपली की पोर परत.

आता या दरानं जरा हिशेब करू. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी. गोठ्याशेजारच्या पडक्या शाळेत शिकवायला लागलेला हा माणूस २०२० साली दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ जिंकला आणि त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून बसला. म्हणजे साडेतीन कोटींहून जास्त! तीन वर्षं कळ काढली असती तर तेवढ्यात सात झेडपी शाळांवर पाच वर्षं त्यांचं नाव झळकलं असतं. क्यूआर कोड पाठ्यपुस्तकात घुसवणाऱ्याला एवढं साधं गणित जमू नये?

पुरस्कार मिळाला तेव्हा जिल्ह्यात चौकाचौकात फ्लेक्स लागले होते. पुढं २०२२ मध्ये याच गुरुजींनी अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी रजा मागितली, तर प्रकरण शिक्षणमंत्र्यांपर्यंत गेलं. अभिनंदनाला सगळा जिल्हा हजर, रजेचा अर्ज अडवायला एक टेबल पुरलं.

आमची एक नम्र सूचना आहे. देणगीत सेवा चालते ना? मग गुरुजी मतदारयाद्यांच्या कामाला गेल्यावर वर्गात येऊन बसणाऱ्या आईची सेवा मोजा. पावसाळ्याआधी फुकटात पत्रे ठोकून देणारा बाप मोजा. दारात बसून अंगण राखणारी, कुत्री हाकलणारी म्हातारी तर तीन पिढ्यांचं धरून मोजा. बाजारभाव लावा, ५० लाख कधी ओलांडले ते कळणारही नाही. मग शाळेच्या कमानीवर या सगळ्यांची नावं टाकायला काय हरकत आहे?

पेंटरशी बोलणं झालंय. तो तयार आहे. म्हणाला, “मजुरी सोडतो, रंग तेवढा लोकसहभागातून आणा.”