बापूकाकांना काय कमी आहे

आमच्या सोसायटीत कुणी जांभई दिली तरी ती बापूकाकांच्या नजरेतून सुटत नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये, इतकंच काय वैकुंठावरून परतल्यावर नळाखाली पाय धुताना सुद्धा. ते थबकतात, आधी आपल्या खालच्या पापणीकडे बघतात, मग नखांकडे, आणि घरातली खासगी गोष्ट विचारावी तशा आवाजात विचारतात, "झोप लागते का रे नीट?" 'हो' म्हणालात तर मॅग्नेशियम ठीक आहे, पण तांब्याचं बघायला हवं. 'नाही' म्हणालात तर दोन्हीचं बघायला हवं. 'बघू' म्हणणारा तर गेलाच. चिडचिड, गोंधळ, निर्णय न होणं ही झिंकची लक्षणं.

काका वीज मंडळातून निवृत्त झाले. तांब्याशी नातं तिथलंच. "जन्मभर तारा हाताळल्यात मी. करंट कशातनं जातो? तांब्यातनं. शरीर कशावर चालतं? करंटवर. आता पुढचं तूच जोड." एकदा कुणीतरी शहाणपणा करून म्हणालं, की काका, मंडळाच्या वरच्या लाइनी तर ॲल्युमिनियमच्या असतात. काका शांतपणे उत्तरले, "म्हणूनच सारखं ट्रिप होतं."

त्यांचा तांब्या बघण्यासारखा आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीतून स्वतः पारखून आणलेला, वर मठारकाम केलेला. तो रोज रात्री साडेआठला भरायचा, वर फुलपात्र पालथं घालायचं आणि पाटावर ठेवायचा. जमिनीवर नाही, कारण जमीन गुण ओढून घेते. पहाटे साडेपाचला, तोंड न धुता, उकिडवं बसून, चार फुलपात्रं. एकेक घोट चावून. पाणी चावायचं कसं हे त्यांनी मला करून दाखवलंय. बघताना आपल्याच दाढा दुखायला लागतात.

तांबट आळीतल्या त्या खरेदीला मीही सोबत होतो. काकांनी कारागिराला तांब्याचे गुण समजावले. पिढ्यान् पिढ्या हातोडी चालवणाऱ्या घरातल्या त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, पैसे मोजले, आणि काका "तुम्ही रोज किती पिता?" असं विचारते झाले तेव्हा म्हणाला, "आम्ही काका, माठातलं पितो. गार लागतं." परतताना काका रिक्षात गप्प होते. मग मंडईजवळ म्हणाले, "त्याच्या अंगात हाताळूनच जात असणार."

आता, काका नुसतेच ऐकीव बोलतात असं समजू नका. २०१२ साली बंगळुरूच्या संशोधकांचा एक निबंध आला होता. त्यांनी पाण्यात जुलाबाचे जंतू मुद्दाम सोडले, ते पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलं आणि मग बघितलं तर जंतू सापडले नाहीत. पाण्यात तांबं उतरलं लिटरमागे १७७ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला दोन मिलिग्रॅम, म्हणजे हे फारच खाली. या कागदाची झेरॉक्स लॅमिनेट करून काकांच्या शोकेसमध्ये, मुलीच्या लग्नाच्या फोटोशेजारी उभी आहे. फक्त एक घोटाळा झाला. साडेआठ ते साडेपाच म्हणजे नऊच तास. सोळा हवेत. तेव्हापासून काका तांब्या दुपारी दीडला भरतात. पुण्यातला माणूस दुपारी दीडला उठून काहीतरी करतो, यावरून त्यांच्या श्रद्धेची खोली ओळखावी.

त्या कागदावर मोठा खिळा ठोकला तो दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंनी. या निवृत्त बालरोगतज्ज्ञ. सोसायटीत काका ज्यांना घाबरतात अशी ही एकमेव व्यक्ती. (काकूंना ते घाबरत नाहीत, त्यांचं फक्त ऐकतात.) बाई म्हणाल्या, "बापूसाहेब, जंतू मेले हे उत्तमच. पण आपल्या नळाला क्लोरीन टाकलेलं पाणी येतं, तेही तुम्ही आरओतून काढता. आता तुमचा तांब्या मारणार कुणाला?" आणि मग हिशेब मांडला. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ९०० मायक्रोग्रॅम तांबं पुरतं. तांब्यातल्या पाण्यातून तेवढं मिळवायचं तर रोज पाच लिटर प्यायला हवं. मूठभर तिळात तेवढं सहज असतं. काजूत असतं, डाळींत असतं.

काकू आतून म्हणाल्या, "म्हणजे दोन तिळाचे लाडू?"

"दोन पुरेत."

काका दुखावले. लाडवानं काम होतं हे त्यांना मान्य होण्यासारखं नव्हतं. लाडू कुणीही खातं.

काकूंचं या सगळ्यात एकच म्हणणं असतं, "घासायला मी आहे ना." तांब्या, चार फुलपात्रं, आंघोळीचं घंगाळ, पूजेची पळीपंचपात्री, झाडांना पाणी घालायची झारी, सगळं तांब्याचं. दर शनिवारी चिंच आणि मीठ घेऊन त्या बसतात. चिंच लागली की काळपट तांब्यावर बोटाच्या रुंदीचा गुलाबी पट्टा उमटतो, तो वाढत वाढत कडेपर्यंत जातो आणि हिरवट पाणी मोरीत वाहतं. ते पाणी बघूनच खरं तर पुढचा प्रकार टळायला हवा होता.

नातवाच्या मुंजीत काकांनी आहेराची परतफेड म्हणून सगळ्यांना तांब्याच्या बाटल्या वाटल्या. सोबत सूचनापत्रक होतं, दोन्ही बाजूंनी छापलेलं, त्यामुळे कुणीच वाचलं नाही. काकांच्या मेव्हण्यांनी मुंबईला परत निघताना त्या बाटलीत कार्यालयातला उरलेला मठ्ठा भरून घेतला. आंबट पदार्थ तांब्यात ठेवला की तांबं विरघळून त्यात उतरतं, आणि पोट ते ठेवून घेत नाही. खंडाळ्याच्या घाटात गाडी दोनदा थांबवावी लागली. मेव्हण्यांच्या बायकोनं घाबरून फोन केला, तेव्हा काकांनी शांतपणे विचारलं, "रंग कसा आहे?" आणि मग, "होऊ दे, होऊ दे. साफ होतंय सगळं." दोन्ही घरांत अजून बोलणं आहे, पण मठ्ठ्याचा विषय निघत नाही.

उजव्या मनगटात कडं आहे, तेही तांब्याचंच. त्याखाली कायम एक हिरवा वळा उमटलेला असतो. घामानं तांब्याला जे होतं ते होतं, पण काकांच्या मते ते सांध्यातलं विष बाहेर पडतंय. इंग्लंडातल्या यॉर्क विद्यापीठानं संधिवाताच्या रुग्णांना अशी कडी घालायला देऊन पाहिलं आणि २०१३ साली सांगितलं की खोट्या कड्यापेक्षा खरं कडं काही जास्त करत नाही. मी हे काकांना बोललो. "इंग्लंडात घाम कुठं येतो?" काका म्हणाले.

काकांचे प्रतिस्पर्धी म्हणजे बागेतल्या कट्ट्यावरचे जोशीबुवा. हे झिंकवाले. करोनाच्या काळात सगळ्यांनी झिंकच्या गोळ्या घेतल्या, करोना गेल्यावर सोडल्या. जोशीबुवांनी सोडल्या नाहीत. रोज पन्नास मिलिग्रॅम. केस दाट झाले, असं त्यांचं म्हणणं. ते टोपी काढत नसल्यामुळे यावर वाद घालता येत नाही. पण काकांनी कुठंतरी वाचलं की झिंक जास्त झालं की आतड्याच्या अस्तरात एक प्रथिन वाढतं, ते तांब्याला धरून ठेवतं आणि आत जाऊ देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर काका कडाडले, "जोशीबुवा, तुमचं जस्त माझं तांबं खातंय!"

"तुमचं तांबं माझ्या पोटात कुठून आलं?"

"तत्त्व सांगतोय मी!"

शेवटी निवाडा करायला डॉक्टरबाई. त्या फिरायला येतात आणि कानाला इअरफोन लावतात, ऐकायला काही नसलं तरी. त्या दिवशी चुकून काढला. म्हणाल्या, काका म्हणतात ते खरं आहे. झिंकची वरची मर्यादा दिवसाला चाळीस मिलिग्रॅम. वर्षानुवर्षं त्याच्या पलीकडे गेलं तर तांबं कमी पडून रक्त उतरतं, पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. काकांनी विजयानं हात वर केले. बाई पुढं म्हणाल्या, आणि याचाच उपयोगही करतात. विल्सनचा म्हणून एक आजार आहे, त्यात यकृताला तांबं बाहेर टाकता येत नाही, ते साठत जातं. तशा रुग्णांना झिंक देतात, तांबं अडवायला. आता जोशीबुवांनी हात वर केले. दोघंही जिंकून घरी गेले. जोशीबुवांनी गोळी दिवसाआड केली एवढं मात्र खरं, पण ते काकांना कळू दिलेलं नाही.

मध्यंतरी एक काळ असा आला की काकांचा तांब्या आठवडाभर माळ्यावर होता. न्यू जर्सीहून मुलीचा फोन आला होता: बाबा, इकडं काही लोक म्हणतात सगळ्यांच्या अंगात तांबं जास्तच झालंय, त्यानंच थकवा येतो, केस तपासून कळतं. काका हादरले. केशकर्तनालयात जाऊन त्यांनी मानेवरचे, अगदी मुळापासूनचे केस मागितले. कारागीर म्हणाला, "काका, तेवढेच तर राहिलेत." नमुना गेला आणि रिपोर्ट आला: तांबं भयंकर जास्त. दोन दिवस घरात सुतक. मग डॉक्टरबाईंनीच विचारलं, "आंघोळ कशातून करता?" घंगाळातून. रोज डोक्यावर तांब्यातलं ऊन पाणी ओतलं तर केसांना तांबं चिकटणारच, त्याचा पोटाशी काय संबंध? शिवाय या केसांच्या तपासण्यांवर फार भिस्त ठेवू नका, म्हणाल्या. २००१ साली अमेरिकेतच एकाच माणसाचे केस सहा प्रयोगशाळांना पाठवले होते, तर आकडे एकमेकांशी जुळेनात. तेवढ्यात मुलीचा दुसरा फोन आला: बाबा, इकडं दुसरा एक पंथ आहे, ते म्हणतात तांबं सगळ्यांना कमीच पडतंय आणि खरा शत्रू लोखंड आहे. तांब्या माळ्यावरून खाली आला. काकूंचा लोखंडी तवा माळ्यावर चालला होता, पण काकू मध्ये उभ्या राहिल्या.

वैद्यांकडेही काका जातात. पेठेतले जुने वैद्य. काकांनी ताम्रभस्म मागितलं. वैद्यबुवांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, आमच्या रसशास्त्रात अशुद्ध तांब्याला विषाहून वाईट म्हटलंय, आठ दोष सांगितलेत. शोधन करून, पुन:पुन्हा पुटं देऊन भस्म झालं तरी ते चिमूटभर दह्यात टाकून बघतात. दही हिरवं पडलं तर भस्म कच्चं. "तुम्हाला झालंय काय?" वैद्यबुवांनी विचारलं. काकांना सांगता येईना. शेवटी त्रिफळा घेऊन आले.

काकांना मी एकदाच पूर्ण गप्प झालेलं पाहिलंय. धाकटा नातू दहा महिन्यांचा, आजोळी आलेला. काकांनी मोठ्या उत्साहानं जुनं तांब्याचं पातेलं काढलं आणि बाळाचं दूध त्यात तापवून त्यातच ठेवायला सुरुवात केली. कल्हई केव्हाच उडालेली. काकूंनी डॉक्टरबाईंना हाक मारली. बाई आल्या, पातेल्यात बघितलं, आणि या खेपेला हिशेब मांडला नाही. त्या म्हणाल्या, मी शिकत होते तेव्हा रास्ता पेठेतल्या केईएममध्ये अशी बाळं यायची. पोट फुगलेलं, यकृत दगडासारखं. फार थोडी वाचायची. आपल्या पुण्यातल्याच डॉक्टरांनी शोधून काढलं की बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यातलं दूध लहानपणापासून पाजल्यामुळे ते तांबं यकृतात साठतं. १९८३ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. घरोघरी स्टीलची पातेली आली आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

काकांनी दूध मोरीत ओतलं. त्याच दुपारी, दीड वाजता, तांब्या भरायचं सोडून पातेलं पिशवीत घालून ते कल्हईवाला शोधत निघाले. आता कल्हईवाले सहज मिळत नाहीत. संध्याकाळी परतले तेव्हा पातेलं आतून चांदीसारखं लखलखत होतं, आणि पिशवीत एक छोटं स्टीलचं पातेलंही होतं. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. पातेल्यात आता तुळस आहे.

माझी आई दवाखान्यात होती तेव्हा रात्री बसायला घरात माणूस नव्हतं. काका आपणहून आले. हातात डबा, काखेत तांब्या. नर्सनं तांब्या दारातच ठेवून घेतला. काका रात्रभर खुर्चीत बसून होते, सलाइनच्या बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा कपाळावर चढवून वाचत. पहाटे मी गेलो तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोडियम आहे, पोटॅशियम आहे, क्लोराइड आहे. मी सगळं बघितलं. मॅग्नेशियम नाहीये रे यात." आई जागीच होती. ती म्हणाली, "बापू, तू झोप आता." घरी आल्यावर महिनाभर ती त्यांनी आणलेले बदाम न कुरकुरता खात होती.

परवा काकूंनी एक गोष्ट सांगितली. काकांनी मोठी तपासणी करून घेतली होती, ऑफर होती म्हणून. चार पानी रिपोर्ट आला. तांबं, जस्त, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सगळं जिथल्या तिथं. एकही आकडा लाल नाही. काकांनी तो पुढून वाचला, मागून वाचला आणि कपाटात ठेवून दिला. दोन दिवस धड जेवले नाहीत, बोलले नाहीत. काकूंना काळजी वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी पानावर बसता बसता काकांचा चेहरा एकदम खुलला. ते उठले, रिपोर्ट काढून आणला, चारही पानांवरून बोट फिरवलं.

"अगं, यांनी बोरॉन तपासलेलंच नाही!"

आणि आमटी दोनदा मागून घेतली.