चाळीस घोड्यांची स्वारी

मोटारींचा शौक हा मुळात संस्थानिकांचा विषय. तो एखाद्या निमसरकारी दप्तरातल्या, महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर किराणा दुकानदाराची नजर चुकवून घराकडे वळणाऱ्या गृहस्थास जडला, म्हणजे त्यास शौक म्हणावे की व्याधी, याचा निवाडा अद्याप व्हायचा आहे. अशा गृहस्थास इटलीच्या यंत्रसौंदर्याची कितीही ओढ असली तरी ती त्याला फार तर कुर्ल्यापर्यंत नेऊन सोडते; आणि माझ्या मते तेवढी पुरे. वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 च्या नकाशाबरहुकूम घडलेली, आणि पुढे सत्तरीच्या दशकात ‘पद्मिनी’ असे राजस्त्रीचे नाव धारण केलेली मोटार एका वृद्ध डॉक्टरांच्या बंद पडवीतून, भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज उचलून, मी घरी आणली, तेव्हा शेजाऱ्यांनी पेढे मागितले नाहीत. ‘पदरी पडलं, पवित्र झालं’ एवढेच म्हणाले.

हा शौक श्रीमंतांस पैशाने साधतो, आम्हांस पायपिटीने. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये सरल्यापासून सुट्या भागांची आवक आटली. तेव्हा ज्या कुर्ल्यात ही जन्मास आली त्याच कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे तिच्या भगिनींचे अवयव धुंडाळावे. नाही तर बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गंजक्या कुलपांच्या आणि पितळी नळांच्या राशीपुढे उकिडवे बसून डिस्ट्रिब्यूटरची एखादी कॅप हाती लागते का ते पाहावे, आणि विक्रेत्यास आपली निकड कळून भाव तिप्पट होऊ नये म्हणून चेहरा मात्र नळ शोधणाऱ्याचा ठेवावा. शिवाय पंधरा वर्षे उलटलेल्या वाहनाचा हयातीचा दाखला सरकारदरबारी वेळोवेळी नूतन करून घ्यावा लागतो, त्याचा पर्यावरण कर निराळाच.

अशा वाहनातून चिपळूणच्या एका लग्नास जाण्याची तजवीज मी मांडली, तेव्हा घरच्या मंडळींनी एकच अट घातली. “अहो, येते मी, पण धक्का मारायला उतरणार नाही. आधीच सांगून ठेवते.” धाकट्या मेव्हण्यांनी आपली नवी, दुमजली भासणारी, क्लच नावाची वस्तूच नसलेली गाडी पुढे केली होती. “दाजी, आमच्यात चला ना, झोपून जाल,” असे ते अत्यंत निर्मळ मनाने म्हणाले. प्रवासाचे वर्णन ‘झोपून जाल’ या शब्दांत व्हावे, याचे मला मनस्वी दुःख झाले.

खंबाटकीचा जुना बोगदा साताऱ्याहून परतणाऱ्यांसाठी खोदलेला असल्यामुळे आम्हांस घाट चढणे प्राप्त होते. तिथे आमच्या पद्मिनीचा पराक्रम सुरू झाला. तिच्या 1089 घनसेंटीमीटरच्या यंत्रात उणेपुरे 40 घोडे. पैकी एकही बसून खात नाही. स्टिअरिंगच्या दांड्यालगतची गिअरची काठी तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना हाताला जो कंप जाणवतो, आवाज जसा एक सप्तक वर चढतो, आणि तापमानाचा काटा जसजसा उजवीकडे सरकतो तसतसे शेजारच्या आसनावरचे संभाषण जसे आटत जाते, त्यावरून घाट किती उंच आहे हे सर्वांगास कळते. मेव्हण्यांच्या गाडीत याच्या चौपट घोडे असतील; पण त्यांतले तीन हिस्से जन्मभर पागेत हरभरे खात उभे. संपूर्ण सामर्थ्य पणाला लावून गाडी हाकण्याचे सुख ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने, कायद्याच्या चौकटीत राहून भोगायचे असेल, तर त्यास गाडी दुबळीच लागते, हे माझे मत मी दुसऱ्या गिअरमध्ये असताना मोठ्याने मांडले. उत्तर आले नाही. मागच्या ट्रकने मात्र भोंगा वाजवून काही अभिप्राय दिला.

उंब्रजला महामार्ग सोडून पाटणच्या वाटेला लागलो, आणि उन्हाच्या ऐन भरात, पाटण दृष्टिपथात यायच्या आत, गाडीने दोन आचके देऊन प्राण सोडला. मी बॉनेट उघडून चिंतनास उभा राहिलो. (बॉनेट उघडल्यावर पुरुषाने काही काळ चिंतन करावे असा शिष्टसंमत संकेत आहे.) इतक्यात सायकलवरून एक म्हातारबुवा उतरले, आत डोकावले आणि म्हणाले, “फियाट हाय न्हवं? आवं, मी यष्टीवर हुतो. पेट्रोलचा वाफारा झालाय. पंपावर वलं फडकं टाका, न् गप बसा.” निदान बिनचूक होते. या गाडीचा पेट्रोलपंप यंत्राच्या अंगालाच बसविलेला; घाटाने यंत्र तापले की त्यातले पेट्रोल वाफ होते, आणि वाफ पुढे ढकलणे त्या बापड्या पंपाच्या ताकदीबाहेरचे असते. फडके मात्र घरी राहिले होते. आहेराच्या पिशवीतून, व्याह्यांना टोपीबरोबर द्यायचा कोरा टॉवेल निघाला, पाण्यात भिजला आणि पंपावर विराजमान झाला. म्हातारबुवांनी विडी पेटवायची ती आधी गाडीपासून वीस पावले दूर जाऊन पेटवली; महामंडळाची शिस्त! विडी संपली, आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

कोयनानगरच्या नेहरू उद्यानात मेव्हणे कुटुंबासह खरोखरीच झोपून होते. त्यांना उठवून कुंभार्ली घाटाने खाली निघालो. चढणीला जी काठी दुसऱ्यात होती तीच उतरणीलाही दुसऱ्यात ठेवावी लागते, कारण चारही चाकांचे ड्रम ब्रेक सतत दाबले तर तापून बेइमान होतात. वळणामागून वळण आम्ही सावकाश उतरत होतो आणि आमच्या पाठीमागे, ओलांडण्यास जागा न मिळाल्यामुळे, मेव्हण्यांच्या साऱ्या घोड्यांसकट चिपळूणपर्यंतची एक भली मोठी वरात आपोआप तयार झाली. नवरदेव तेवढा कमी होता.

चिपळूणच्या बाजारात चहाला थांबलो, तर पांढरा लेंगा-सदरा घातलेले एक गृहस्थ गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून आले. “देणार काय हो ही?” मी तोंड उघडण्यापूर्वीच आतून प्रश्न गेला, “किती देता?” त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या कार्ब्युरेटरच्या दुरुस्तीहूनही कमी होता. पण पुढचा अर्धा तास, ज्या आवेशाने मंडईत मेथीच्या जुडीवर घासाघीस चालते त्याच आवेशाने, या खेपेस उलट दिशेने, सौदा चढत गेला. डॉक्टरांची निगा, मूळचा रंग, घाटातला पराक्रम, सारे काही पुराव्यादाखल निघाले. शेवटी आकडा मूळ रकमेच्या दुपटीवर आला, तेव्हा “यांना विचारून कळवते हं,” असे म्हणून हिने पदर सावरला आणि गाडीत जाऊन बसली. सर्वांच्या चहाचे पैसे त्या गृहस्थांनीच दिले.