सेमिस्टर समुद्रापारचं

पाऊस, डोंगरउतारावरची भातशेती आणि योग, हे तिन्ही विषय एकाच सेमिस्टरात शिकायचे असतील तर बालीला जावं लागतं. निदान लोणावळ्यातल्या मुलाला तरी. फी ऐकून बाप उरलेले गुंठे विकायला काढतो. सात-बारा आता पासपोर्टाच्या फाइलीतच ठेवायचा.

स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं, योगाला प्रयोगशाळेत नेलं. तिथे शिकायला परदेशी माणसं येतात. आपण वरून विमानाने जातो. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर धेनुकाकटच्या यवनांची नावं खांबांवर आहेत. त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी अख्ख्या खांबाचं दान देऊन नाव कोरून घेतलं. आमचे शनिवारचे पाहुणे फुकटात कोरतात, शिवाय बदाम काढतात.

आणि भात? इंद्रायणीचं वाण तयार झालं ते वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात. पण आवणीच्या चिखलातला फोटो बालीचा असला की 'अनुभवाधारित शिक्षण', पवन मावळातला असला की 'अरेरे, एवढं शिकून पोरगं शेतात!'

वडगावात समुद्र नाही, एवढीच त्या केंद्राची शैक्षणिक त्रुटी.