मेजर मन, मायनर तत्त्वज्ञान

पुण्याच्या कर्वेनगरात एखादी मुलगी कॉलेजात जायला लागली की समोरचा माणूस तिला मनातल्या मनात कमिन्समध्ये घालून मोकळा होतो. मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज दारात असताना दुसरीकडे बघायचंच कशाला? माझ्या भाचीनं बघितलं. मेजर सायकॉलॉजी, मायनर फिलॉसॉफी. ही जोडी नव्या शैक्षणिक धोरणाची देणगी. पहिल्या विषयाला सोसायटीनं मान डोलावली, "हल्ली लागतंच ते सगळ्यांना." दुसऱ्यासाठी तिच्या आईचं सांत्वन झालं.

वास्तविक दोन्ही विषय एकाच एकत्र कुटुंबातले. वुंटनं १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हा तो तत्त्वज्ञानाचाच प्राध्यापक होता. आपल्याकडची वाटणी १९१६ ची. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा वेगळा विभाग निघाला. त्याच साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं आणि अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं. (अण्णा गणिताचे प्राध्यापक. वाटणीचा हिशेब त्यांच्याकडे द्यायला हवा होता.)

भाची सकाळी मेंदूच्या कुठल्या भागामुळे राग येतो ते शिकते आणि दुपारी तो राग 'माझा'च कशावरून, ते. एका तासाला विचारतात, पुरावा किती जणांवर घेतला? पुढच्या तासाला, पुरावा म्हणायचं कशाला? घरी आल्यावर तिला "भाजी कुठली करू?" असं विचारायचा धीर होत नाही.

वाटणी झाली तरी जाणं-येणं तुटलेलं नाही. अल्बर्ट एलिसनं १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि तिचं मूळ थेट एपिक्टेटस या जुन्या तत्त्वज्ञापाशी नेऊन दाखवलं: घटना छळत नाही, तिच्याबद्दलचं आपलं मत छळतं. मुंबईच्या डॉ. किशोर फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. भाचीनं हे सगळं उत्साहानं सांगितल्यावर माझी आई शांतपणे म्हणाली, "मग मनाचे श्लोक काय वेगळं सांगतात? दोनशे पाच आहेत. मला पाठ आहेत."

भाचीतलं मायनर जागं झालं. "पण आजी, मनाला समजावणारा तो कोण? तोही मनच असेल, तर कोण कोणाला समजावतंय?"

"समर्थ!" आई म्हणाली. "आणखी कोण?"