तसल्लीनं बसा

ग्वाल्हेरात लश्करच्या जुन्या वाड्यांत मॉड्युलर सोफा शिरला तो जिन्यांच्या कृपेनं. जिने इतके अरुंद आणि वळणाचे, की अखंड सोफा वर चढायचा नाही. हा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि वर गेल्यावर खालच्या कड्या अडकवून एक होतो. आमच्या काकांकडे तो असाच आला. लोड-तक्क्यांची बैठक माळ्यावर गेली.

खरेदीला काकांनी आमच्या वजनदार मामांना मुद्दाम नेलं होतं. जयविलास महालातली साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले, ही गोष्ट ग्वाल्हेरात पोरासोरांनाही पाठ असते. ‘महाराजांनी 1874 साली जे केलं, तेच मी केलं. 40 डेन्सिटीचा फोम आहे, दबला नाही!’ काका आल्यागेल्याला सांगतात. मामांचं येणंजाणं तेव्हापासून जरा कमी झालंय.

पाहुणा दारात दिसला की काका म्हणणार, ‘या, तसल्लीनं बसा.’ पाहुणा टेकतो न टेकतो तोच, ‘तिथं नको, जरा इकडे. तो लाउंजर आहे, पाय पसरायचा.’ पाहुणा पाय पसरू लागला की काकांची नजर त्याच्या मोज्यांवर. थंडीत मुरैन्याची गजक आली, की तिचे पापुद्रे मखमलीवर पडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या मांडीवर वर्तमानपत्र. सगळे न्हाव्यापुढे बसल्यासारखे ताठ! मी एकदा कुरकुरलो, तर म्हणाले, ‘जयविलासमधल्या काचेच्या फर्निचरवर कुणी बसतं का रे? म्हणून त्याची शोभा कमी झाली?’ यावर काय बोलणार?

पण काकांचं खरं सुख मांडणीत. तोंडात टॉर्च धरून ते सोफ्याखाली पालथे पडतात आणि कड्या सोडवतात. मुलगी बघायला मंडळी येणार असली की तुकडे समोरासमोर: ‘नजरेला नजर भिडायला हवी.’ काकूंच्या भिशीला गोल. क्रिकेटला सरळ रांग, आणि आपली विकेट पडली की दोष रांगेचा. रात्री पाणी प्यायला उठलेल्या काकूंच्या नडगीला तो मेला पफ रोज नव्या जागी भेटतो. सुनेनं तर मोबाइलमध्ये कालच्या मांडणीचा फोटोच ठेवलाय, कुठली उशी कुठं ते विचारायला नको म्हणून.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा त्या मखमलीला हात लावावासा वाटत नाही. परवा दुपारी बत्ती गुल झाली आणि सगळं घर फरशीवर आडवं झालं. काकाही बनियनवर, डोक्याखाली हात घेऊन.

‘अहो, फरशीची डेन्सिटी किती असेल हो?’ काकूंनी विचारलं.

काकांनी डोळे उघडले नाहीत. ‘तो कोपऱ्याचा तुकडा खिडकीखालून काढला ना, तर वारा सरळ आत येईल बघ,’ म्हणाले, आणि टॉर्च शोधायला उठले.